अर्धा लिटर मिठाचं पाणी

मी सलाईनची बाटली. आजवर बोलले नाही, कारण माझं तोंड कायम खाली. उलटं टांगलेल्यानं काय बोलायचं? तोंडातून थेंब गळत राहतो आणि भोवतीची माणसं त्या थेंबाकडं समईच्या ज्योतीकडं बघावं तशी बघत बसतात. आता माझी मान कापलीय आणि मला सरळ ठेवलंय. तोंड वर आहे तोवर बोलून घेते. गोड बोलणं जमणार नाही. गोड असते ती ग्लुकोजची बाटली. मी खारी.

जन्म गुजरातच्या बाजूला, एका कारखान्यात. प्लॅस्टिकचे दाणे वितळवले, फुगवले, मी झाले. जन्मल्याच्या क्षणीच पोट भरलं आणि तोंड बंद केलं. पोटात काय? अर्धा लिटर पाणी आणि त्यात चहाचा जेमतेम एक चमचा मीठ. बस. ताकद नाही, रक्त नाही, देवाचा अंगारा नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते एवढी एक गोष्ट कुणी न विचारल्यामुळं झालं.

माझ्या पोटावर हे सगळं छापलेलं आहे, पण बारीक आणि इंग्रजीत. सोडियम क्लोराईड, इन्फ्युजनसाठी. वाचायला कुणाला वेळ असतो?

तिथून मी उरणच्या एका औषधाच्या दुकानात आले. तीन महिने फळीवर बसून माणसं ऐकली. मला माझ्या नावानं कुणी मागायचं नाही. ‘ताकदीची बाटली द्या.’ ‘ती चढवायची बाटली द्या.’ एक बाई आली, पोराला ताप होता. डॉक्टर एकदम फालतू आहे म्हणाली, नुसत्या गोळ्या दिल्या, बाटली लावलीच नाही. दुकानदारानं मान डोलावली. मला फळीवरून खाली उडी मारून त्या डॉक्टरच्या पाया पडावंसं वाटलं.

माझ्यामुळं माणसं जगतात, हे खोटं नाही. जुलाबानं सुकलेलं पोर, रस्त्यावर रक्त सांडलेला ड्रायव्हर, अशांना मी लागते आणि मी उपयोगी पडते. पण या पट्ट्यात मी देवीच्या ओटीसारखी झालेय. लग्नाआधी एक, परीक्षेआधी एक, निवडणुकीचा प्रचार संपला की एक. गरज असो-नसो, लावून घ्यायची.

मला विकत घेतलं अण्णानं. खाडीकाठच्या एका गावात हे आगऱ्याचं घर. तीन पिढ्या मीठ पिकवलेली माणसं. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे, हेच आयुष्य. मग बंदर आलं, मिठागरं गेली, आणि अण्णा मिठावरून ट्रेलरवर आला. आता त्याचे कंटेनर ओढणारे ट्रेलर आहेत, बोटात अंगठी आहे आणि तोंडात हुकूम. पण अजून कुणी जुन्या दिवसांचा विषय काढला की तो हमखास एकच गोष्ट सांगतो. वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे, आणि सांगायचं किती दिवसांत मीठ धरेल. एका दिवसाचाही फरक पडायचा नाही म्हणे. शिकलेले साहेब काचेची नळी घेऊन यायचे आणि अण्णाची जीभ त्यांच्या नळीला हरवायची.

ही जीभ लक्षात ठेवा.

अण्णानं मला आणि माझ्या शेजारच्या बहिणीला, अशा दोघींना, पिशवीत घातलं आणि धाकट्या भावाच्या घरी आणलं. धाकटा भाऊ रामचंद्र. मान हलवणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. अण्णा बोलला की हलवायची. त्याची बायको मैनाबाई, बावन्न वर्षांची. बाराव्या वर्षापासून मिठागरावर राबलेली, टाचा अजून भेगाळलेल्या. आणि त्यांची एकुलती मुलगी प्राप्ती.

मैनाबाईचं हृदय थकलं होतं. पनवेलच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, हा पंप पावच चालतोय. पाय सुजले होते, आडवं झालं की धाप लागायची. औषध दिलं लघवी जास्त व्हायचं, आणि दोन गोष्टी बजावल्या. दिवसाला सगळं मिळून दीड लिटर पाणी. आणि मीठ जवळजवळ बंद. पंप दुबळा आहे, त्याच्यावर पाणी लादायचं नाही. महिन्यानं, सोमवारी, परत दाखवायला या.

हे सगळं पाळायचं काम प्राप्तीनं अंगावर घेतलं. रोज सकाळी ती कोल्ड्रिंकची जुनी दीड लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची. आईचा चहा, पेज, गोळ्यांचं पाणी, जे काय ते त्यातूनच. बाटली संपली की दिवस संपला. भाजी अळणी. सुकट घरात आणायची नाही. मग नडगीवर अंगठा दाबून बघायची, खड्डा किती खोल पडतो. पहिल्या आठवड्यात खड्डा विहिरीसारखा होता. तिसऱ्या आठवड्यात उथळ झाला. चार उशांवर झोपणारी बाई दोन उशांवर आली. एक दिवस उठून स्वतः पडवीत जाऊन बसली.

हे मी फ्रिजच्या डोक्यावरून बघत होते. अण्णानं आम्हाला तिथंच ठेवलं होतं, देवाच्या फोटोशेजारी.

मैनाबाई तहानेनं कासावीस व्हायची. “एक घोट दे गो बाय. पान्याला कोन मोजतंय?”

“मी मोजते, आय.”

“आमी टोपल्या टोपल्या मीठ भरलं, कधी मोजलं न्हाय. नि तू पानी मोजतेस.”

“त्याच टोपल्या आता पायात उतरल्यात तुझ्या,” प्राप्ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मग ती गवती चहाची चार पाती चिरायची, वर आल्याचा तुकडा, कपभर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायची. उकळायचं नाही, नुसतं झाकायचं. पाण्यात हळूहळू वास उतरतो, रंग उतरतो. तो कप मैनाबाई अर्धा तास पुरवायची.

एका संध्याकाळी चहा झाकून ठेवला असताना प्राप्तीनं मला खाली काढलं आणि पोटावरची बारीक अक्षरं आईला वाचून दाखवली. नर्सिंगच्या बाईंनी शिकवलं होतं तिला. चहा असा झाकून मुरवतात, त्यालाही इंग्रजीत इन्फ्युजन म्हणतात. बाटलीतून शिरेत थेंब सोडतात, त्यालाही तेच. औषधवाल्यांनी एकाच शब्दाला दोन कामं लावलीत. “फरक एवढाच, आय,” ती म्हणाली, “चहा जिभेला विचारून आत जातो. हे न विचारता जातं.”

मैनाबाईनं मला हातात घेतलं, हलवून बघितलं. “निसतं पानीच दिसतंय,” म्हणाली. सगळ्या गावात तेवढं एकटीनं ओळखलं होतं.

प्राप्ती अलिबागला नर्सिंगला होती. दुसऱ्या वर्षात रात्रपाळी लागली. अण्णाच्या कानावर आलं की रात्री पोरी परक्या पुरुषांची अंगं पुसतात. त्यानं भावाला बोलावून सांगितलं, आपल्या घरातली पोर असलं करणार नाही. रामचंद्रानं मान हलवली. प्राप्तीची पेटी घरी आली. एकाही मोठ्या माणसानं तिला विचारलं नाही की तुला काय वाटतं. तेव्हापासून गावात ती ‘अर्धी नर्स’. हसून म्हणतात, प्रेमानं. अर्धी कुणी केली ते कुणी म्हणत नाही.

आता अण्णा बाटल्या घेऊन का आला, ते. त्याच्या मुलाची, दिपेशची हळद होती तीन आठवड्यांनी, शनिवारी. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मंडप, डीजे, चार गावची माणसं. आणि हळदीला धवले लागतात. धवला म्हणजे लग्नातली जुनी गाणी, बायका म्हणतात, त्याशिवाय इकडं लग्न लागत नाही. या घरात धवले पाठ होते ते फक्त मैनाबाईला. दिपेशला लहानपणी तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं.

“चुलती घरात झोपलेली नि हळद बाहेर, बरं दिसंल का?” अण्णा म्हणाला. “दोन बाटल्या लावू. उभी राहील.”

प्राप्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. डॉक्टरनं काय सांगितलंय ते शांतपणे सांगितलं. आईला बसवून नेऊ, दोन धवले बसून म्हणेल, पण बाटली नाही.

“दोन वर्सं शिकलीस नि आमाला शिकवतेस?”

“मी नाही शिकवत. डॉक्टरनं लिहून दिलंय.”

“पुरी शिकली असतीस तर ऐकलं असतं तुझं.”

“पुरी शिकायला सोडलं कुणी, अण्णा?”

रामचंद्र जमिनीकडं बघत बसला. अण्णानं अंगठी फिरवली आणि मैनाबाईला विचारलं, तुझं काय म्हणणं. मी खोटं बोलणार नाही. ती म्हणाली, “दिपूच्या हळदीला मना उभं रायचंय.” त्या बाईला लाज वाटत होती आजारी असण्याची. इथल्या बायकांना मरायची भीती नसते, मंडपात बसून राहायची असते.

त्या संध्याकाळी प्राप्तीनं आम्हा दोघींना उचलून मोरीत नेलं. माझ्या तोंडाशी सुरी आली होती. एका मिनिटाचं काम. रामचंद्र दारात आला आणि म्हणाला, राहू दे गो, वस्तू अण्णाची हाय, विचारील तो. तिनं सुरी खाली ठेवली. तेवढी एक चूक तिची. ती अजून मोजते तो क्षण, पाणी मोजायची तसा.

हळदीच्या शनिवारी सकाळी अण्णानं हुकूम सोडला, गजरे नि हळदीचं सामान आणायला पनवेलला पोरींबरोबर प्राप्तीनं जायचं, नवऱ्या मुलाची बहीण ती. जाताना तिनं कोल्ड्रिंकची बाटली वडिलांच्या हातात दिली. “बाबा, संध्याकाळपर्यंत एवढंच. दुसरं काही नाही. काही म्हणजे काही.” रामचंद्रानं मान हलवली.

ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि बाबाजीची मोटरसायकल दारात आली. हे अगोदर ठरलेलं होतं.

बाबाजी एका डॉक्टरकडं वीस वर्षं कंपाउंडर होता. डॉक्टर वारला, बाबाजीची पिशवी राहिली. आता घरोघर जाऊन बाटल्या लावतो. हात हलका आहे, शीर लगेच सापडते, एवढंच त्याचं शिक्षण, आणि गावाला तेवढं पुरतं. आधी माझ्या बहिणीला झोपाळ्याच्या कडीला टांगलं. मग त्यानं एक बारीक कुपी फोडून तिच्यात पिवळं औषध टोचलं. पाणी सोन्यासारखं झालं. जमलेल्या बायका हां म्हणाल्या. पिवळं पडलं की ताकद, हा इथला हिशेब. नुसतं पांढरं पाणी दिसलं तर लोक कुरकुरतात, हे बाबाजीला पक्कं माहीत आहे.

“सुसाट सोड,” अण्णा म्हणाला. “पाचला हळद हाय.”

नळीवरचं चाक पूर्ण उघडलं. सावकाश, थेंबाथेंबानं जायचं ते पाणी धार लागल्यासारखं गेलं. पाऊण तासात माझी बहीण चपटी झाली. मैनाबाईच्या गालावर लाली आली. बायका म्हणाल्या, बघा, तरतरी आली. मैनाबाई हसली आणि हळू आवाजात एक धवला म्हणायला लागली. बाबाजीनं माझ्याकडं हात केला.

माझ्या वाटणीला पिवळं आलं नाही. कुपी एकच होती. मी जशी जन्मले तशीच टांगले गेले, पाणी आणि मीठ.

आत जाताना मला कुणी अडवलं नाही. जिभेनं विचारलं नाही, घशानं विचारलं नाही. सरळ दंडाच्या शिरेतून छातीत. तो पंप मी बघितला. मिठागरावरच्या जुन्या माणसासारखा तो आपल्या परीनं ओढत होता, अर्धं ओढायचा, अर्धं मागं राहायचं. माझी बहीण आधीच तिथं साचलेली होती. मी मागून ढकलत होते. खाडीचा बांध फुटला की खारं पाणी आधी दिसत नाही, नुसता शेताचा रंग बदलतो. मग एकदम गुडघाभर होतं. तिच्या छातीत तसंच झालं.

धवला मध्येच थांबला. ती खोकली. “उशी दे,” म्हणाली. मग, “अजून एक.” मग, “बसवा मना.”

बाबाजी म्हणाला, ताकद चढतेय, होतं असं.

तेव्हा रामचंद्र उठला. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलला. “बाबाजी, प्राप्ती बोलली व्हती का...”

अण्णानं त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. रामचंद्र खाली बसला. उरलेलं वाक्य त्यानं गिळलं, आणि मी थेंबथेंब, नव्हे, धारेनं, आत जातच राहिले.

प्राप्ती दीडला आली. गजऱ्यांची पाटी दारातच पडली. तिनं धावत येऊन आधी माझं चाक बंद केलं. मी अर्धी उरले होते. आईच्या ओठांना निळसर रंग होता आणि प्रत्येक श्वासाला छातीत चुलीवरच्या भाताचा आवाज येत होता. तिनं पनवेलला फोन लावला. डॉक्टर एवढंच म्हणाला, पाय खाली सोडून बसवा आणि आहात तसे निघा.

पुढचं मी ऐकलेलं सांगते. मी तिथं नव्हते, मी कडीला लटकत होते. म्हणजे, अर्धी होते तिथं.

गाडी अंगणातून निघेना, कारण दोन्ही भावांचं अंगण एकच आणि त्यात हळदीच्या मंडपाचे खांब आडवे. खांब काढायला वेळ गेला. रस्त्याला लागले तर बंदराकडं जाणाऱ्या कंटेनरची रांग, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. अण्णा गाडीतून उतरून ओरडत पुढं गेला. रांगेत अडकलेल्या दोन ट्रेलरवर त्याचंच नाव रंगवलेलं होतं. त्याचे ड्रायव्हर त्याला बघून खाली उतरले आणि नमस्कार केला. मैनाबाई मागच्या सीटवर बसल्या बसल्या गेली, डोकं मुलीच्या खांद्यावर. नवीन साडी नेसवली होती तिला हळदीसाठी. घडी अजून मोडलेली नव्हती.

हळद पुढं ढकलली.

मग दिवस सुरू झाले. माणसं भेटायला यायची, भिंतीला टेकून बसायची, आणि वर बघायची. मी तिथंच कडीला लटकत होते. सुतकात कुणी मला हात लावेना. अण्णा माझ्याकडं बोट करून सांगायचा, काही कमी केलं नाही. दोन बाटल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी मी तीन बाटल्या झाले. दहाव्यापर्यंत चार. शेवटी शेवटी चांगली तरतरी आली व्हती, धवला पण म्हणली, असं ऐकून बायका डोळे पुसायच्या. मग हळू आवाजात दुसरी गोष्ट सुरू झाली. ती कुणी सुरू केली ते मी बघितलंय, पण सांगून काय उपयोग. पोरीनं तीन आठवडे पाणी मोजून दिलं म्हणे. घोटासाठी तरसवली. माणूस सुकलं आतून, मग बाटली तरी काय करणार?

प्राप्ती चहाचे कप उचलत होती. सगळं ऐकत होती.

बाराव्याच्या दिवशी पंगत बसली. चार गावचे पाहुणे, बाबाजी पण ताटावर. अण्णा सगळ्यांच्या मध्ये बसून म्हणाला, मोठ्यानं, प्राप्तीला ऐकू जाईल असं, “झालं ते झालं. पर मानसाला पान्याला मारू नये. पोटच्या पोरीनं तर न्हायच न्हाय.”

प्राप्तीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. स्टूल आणलं. चढली, मला कडीवरून काढलं. विळीवर माझी मान ठेवली आणि कापली. उरलेलं पाणी तिनं वाटीत ओतलं आणि ती वाटी अण्णाच्या ताटाशेजारी ठेवली.

“चाखा, अण्णा.”

“काय हाय ह्ये?”

“ताकद. आईला दिलेली. उरलेली.”

कुणीतरी म्हणालं, पोरीला आवरा. पण सगळ्यांच्या नजरा अण्णाकडं होत्या, आणि नजरांसमोर मागं सरणं त्याला जमत नाही. त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं. आणि जीभ कुणाचं ऐकत नाही. चाळीस वर्षांची सवय. डोळे आपोआप मिटले.

“फिकं हाय,” तो म्हणाला. “ह्याचं मीठ धरायला वाफ्यात म्हयना जाईल.”

बोलून झाल्यावर त्याचे डोळे उघडले.

पंगतीत कुणी घास घेईना. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या बापानं, आजानं मीठ पिकवलेलं होतं. समजावून सांगायची गरज कुणालाच नव्हती. जगातली कुठलीही माणसं फसली असती तर चाललं असतं. ही फसायला नको होती.

बाबाजीनं लाडू खाली ठेवला. “मोठ्या दवाखान्यात पन ह्येच लावतात,” तो पुटपुटला.

“लावतात,” प्राप्ती म्हणाली. “कुणाला लावायचं ते बघून लावतात. डॉक्टरनं मीठ बंद केलेली माझी आई. तिच्या छातीत तुम्ही वाफा भरलात.”

अण्णा नेहमी जे करतो तेच त्यानं केलं. “पंगत थांबवू नका,” म्हणाला. “भात वाढा.” आणि उठून हात धुवायला गेला. फार वेळ धूत होता.

रामचंद्र तेवढ्यात जागेवरून सरकत आला. त्यानं ती वाटी दोन्ही हातांनी उचलली, तीर्थ घ्यावं तशी, आणि सगळी पिऊन टाकली. तोंड पुसलं. मुलीकडं बघितलं.

“एवढंच व्हतं?”

“एवढंच, बाबा.”

“मी बोलत व्हतो त्या दिवशी,” तो म्हणाला. “अर्धंच बोललो.”

प्राप्तीनं वाटी त्याच्या हातातून घेतली. सगळीच माफी देता येत नाही, आणि ती द्यावी असं मला वाटतही नाही.

म्हणजे माझं असं झालं. अर्धी मी मैनाबाईबरोबर स्मशानात जळले. अर्धी तिच्या नवऱ्याच्या पोटात गेले. उरलं ते हे मान कापलेलं प्लॅस्टिक.

तुम्हाला वाटेल गाव सुधारलं. दिपेशची हळद दीड महिन्यानं झाली, धवले कुणाला येत नव्हते म्हणून मोबाईलवर लावले. बाबाजीची मोटरसायकल अजून फिरते. परवाच समोरच्या घरात कडीला एक बाटली लटकलेली दिसली. पिवळी. अण्णा मिठागराची गोष्ट सांगत नाही आता, एवढाच फरक. जीभ त्यानं खिशात घातली. प्राप्ती अलिबागला विचारून आली, जागा भरलीय म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. रामचंद्र गेला होता बरोबर. त्यानंच तिथल्या बाईंना विचारलं, पूर्ण वाक्यात.

आणि मी? मी ओट्यावर असते. प्राप्तीनं माझ्यात खडेमीठ भरून ठेवलंय, काठोकाठ. पण या घरात भाजी अजून अळणीच होते. कुणी तिला सांगितलं नाही की आता मीठ घालायला हरकत नाही, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. बापलेक समोरासमोर बसतात, अळणी आमटी भाताला लावतात. माझ्याकडं हात येत नाही.

मला मागायला दुकानात जाल तेव्हा एवढं करा. आधी विचारा, आत काय आहे. कुणी हसलं तर हसू द्या. उत्तर मिळालं नाही तर घरच्या मिठाची चिमूट कपभर पाण्यात टाका, ढवळा, आणि चाखा. जीभ दिलीय ती हुकूम सोडायला नाही.

मी इथंच आहे. भरलेली.